सहा वेळा विजेते, तरीही आयएसएलबाहेर

प्रश्न : आय-लीग ही तेव्हाची देशाची सर्वोच्च फुटबॉल लीग. तिची पहिली सहाही विजेतेपदं गोव्यात आली. मग धेंपो, साळगावकर, चर्चिल हे गोव्याचे क्लब आज देशाच्या वरच्या लीगमध्ये का नाहीत? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : २००७-०८ ते २०१२-१३ या काळात धेंपोने तीनदा, चर्चिल ब्रदर्सने दोनदा आणि साळगावकरने एकदा करंडक उचलला. पण आयएसएलचं, म्हणजे आजच्या वरच्या लीगचं (इंडियन सुपर लीग), दार गुणतक्त्यातून उघडतच नव्हतं. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये आयएमजी-रिलायन्स या कंपनीला १५ वर्षांसाठी ७०० कोटींना व्यापारी हक्क दिले. त्यातून ऑक्टोबर २०१४ मध्ये आठ संघांची आयएसएल सुरू झाली. जागा शहरानुसार, बोली लावून मिळाली. आयएसएलमधल्या एफसी गोवा या संघाच्या पहिल्या मालकांमध्ये धेंपो आणि साळगावकर ही उद्योगपतींची नावं होती, त्या नावांचे क्लब मात्र बाहेरच राहिले.

खरा घाव बसला २०१६ मध्ये. आयएसएल वर, आय-लीग खाली आणि खालून वर जायला वाट नाही, असा आराखडा महासंघाने मांडला. धेंपो नुकताच आय-लीगचा दुसरा विभाग (तिच्या खालची स्पर्धा) जिंकून आय-लीगमध्ये परतणार होता. त्याने, साळगावकरने आणि स्पोर्टिंग क्लब द गोवाने निषेध म्हणून माघार घेतली. जिंकूनही वर जाता येत नसेल तर मालकाने पैसा कशासाठी ओतायचा? त्यांचा राग रास्तच होता.

प्रश्न : आता आय-लीग जिंकली की आयएसएल नक्की का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नुसती जिंकून भागत नाही. २०१९ च्या आराखड्याने विजेत्याला फ्रँचायझी शुल्काशिवाय (लीगमधल्या जागेसाठी भरायच्या रकमेशिवाय) बढती दिली. २०२२-२३ जिंकून पंजाब आणि २०२३-२४ जिंकून मोहमेडन असे वर गेले. पण सोबत क्लब परवाना लागतो. त्यात खेळ, सुविधा, कर्मचारी, कायदेशीर बाबी आणि आर्थिक स्थिती असे पाच भाग तपासतात.

अडचण बहुधा कागदांवर येते. मैदान स्वतःचं नसेल तर वापराचा लेखी करार हवा. आपल्याकडे बरीच स्टेडियम सरकारी, म्हणून हे काम हंगाम सुरू होण्याआधीच उरकावं. प्रशिक्षकाकडे ठरलेल्या दर्जाचा परवाना हवा, वयोगटांचे संघ हवेत, हिशेब लेखापरीक्षकाने तपासलेले हवेत. खेळाडूंचे पगार थकले असतील तर अर्ज तिथेच अडकतो.

आयएसएलमधून पदावनती, म्हणजे तळाच्या संघाने खालच्या लीगमध्ये जाणं, मात्र २०२४-२५ पर्यंत लागू झालीच नाही, म्हणून तिथल्या संघांची संख्या १३ झाली. त्याच हंगामात धेंपो पुन्हा आय-लीगमध्ये उतरला.