दम्याच्या ड्राय पावडर इनहेलरला ना गॅस ना बॅटरी, मग औषध छातीत जातं कसं? आणि साधा कॅप्सूलवाला पुरतो की महागातला घ्यावा?

इंजिन तुमच्याच छातीत असतं. तुम्ही जोरात ओढलेला श्वास हाच त्याचा गॅस आणि हीच त्याची बॅटरी. बाकी ते यंत्र म्हणजे प्लास्टिकचे चार-पाच भाग, दोन टाचण्या, एक-दोन स्प्रिंगा आणि एक जाळी. हे भाग ज्या मोल्डमधून निघतात तसल्या मोल्डवर मी दीड वर्ष घासलंय, भोसरी एमआयडीसीतल्या एका टूलरूममध्ये, म्हणजे साचे घडवायच्या वर्कशॉपमध्ये. कंपनीचं नाव विचारू नका.

पावडरचं गणित आधी उरकतो. औषधाचा कण ५ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठा असला की घशाच्या वळणावर आपटून तिथेच बसतो. १ च्या खाली गेला की बराचसा उच्छ्वासाबरोबर परत बाहेर येतो. मधलं जे आहे तेच कामाचं. गोची अशी की इतकं बारीक दळलेलं औषध पावसाळ्यातल्या पिठीसाखरेसारखं आपसात गुठळ्या धरतं, धड कॅप्सूलमध्येही भरता येत नाही. म्हणून ते लॅक्टोजच्या, म्हणजे दुधातल्या साखरेच्या, जाड कणांवर बसवतात, खाऱ्या दाण्यावर मीठ बसतं तसं. साल्ब्युटामॉल या दम्याच्या औषधाच्या कॅप्सूलमध्ये औषध २०० मायक्रोग्रॅम, आणि सगळी पावडर मिळून साधारण २५ मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ सगळं लॅक्टोजच. जिभेला गोडसर लागतं ते तेच. श्वास ओढला की दाण्यावरचं मीठ झटकलं गेलं पाहिजे, मीठ छातीत आणि दाणा घशात. सगळं नीट केलं तरी १० ते ३० टक्केच औषध आत पोचतं. ओढ कमी पडली तर मीठ दाण्यासकट घशात.

आता आईचं सांगतो, कारण तुमचा प्रश्न वाचून तीच आठवली.

२०१४ ची गोष्ट. टूलरूममध्ये आमचं काम चालू होतं ते फिरत्या कॅप्सूलच्या इनहेलरचं. गोल चपटी खोली, तिच्यात टोचलेली कॅप्सूल आडवी, बाजूच्या दोन फटींतून हवा तिरकी घुसते आणि कॅप्सूल पंख्याच्या पात्यासारखी गरगर फिरते. टोकांच्या भोकांतून पावडर बाहेर फेकली जाते. योगायोग असा की त्याच पावसाळ्यात डॉक्टरांनी आईचा गॅसच्या फवाऱ्याचा पंप बंद करून तिला बाजारातला याच जातीचा इनहेलर दिला. आई शनिवार पेठेत, मी चिंचवडला. रविवारी गेलो की ती म्हणायची, "याने काही फरक पडत नाही रे, पंपच बरा होता."

एका रविवारी म्हटलं, माझ्यासमोर घे. तिने कॅप्सूल घातली, बटणं दाबली, डोळे मिटले आणि इतका संथ, सुंदर श्वास घेतला की प्राणायामाच्या वर्गात पहिला नंबर आला असता. यंत्रातून आवाज शून्य. मी झाकण उघडून कॅप्सूल उजेडात धरली. निम्म्याहून जास्त भरलेली.

"आई, जोरात ओढायचं."

"अरे, डॉक्टरांनीच सांगितलंय हळू घ्यायचं म्हणून."

सांगितलं होतं, पण पंपासाठी! पंपाचा फवारा गॅस मारतो, तिथे श्वास सावकाश लागतो. इथे नेमकं उलट, पहिल्या क्षणापासून झटका लागतो. पंपावरून पावडरवर आणताना हे वाक्य पेशंटला कुणी सांगितलं नाही की झालंच. आईला मी एवढंच सांगितलं की घुर्र आवाज आला पाहिजे, नाही आला तर औषध गेलं नाही असं समज. कुकरच्या शिट्ट्या मोजणारी बाई ती, तिला हे लगेच कळलं. पुढच्या रविवारी मला फोनवरच ऐकवलं, "ऐक, घुर्र!"

आणि पुढच्याच आठवड्यात मीटिंगमध्ये क्लायंटच्या मार्केटिंगचे साहेब म्हणतात, हा आवाज घालवा. "खेळण्यासारखा वाटतो हो. परदेशी माल बघा, कसा गुपचूप काम करतो." शिवाय पारदर्शक झाकण नको, आत उरलेली पावडर दिसते आणि पेशंट तक्रार करतात. मी म्हटलं, "साहेब, दिसते म्हणून तर तो परत ओढतो." त्यावर मला जे उत्तर मिळालं ते मी अजून विसरलेलो नाही: "तुम्ही मोल्ड काढा, पेशंटचं आम्ही बघतो."

कॅप्सूल ३ नंबरची, टोपीकडे जाडी ५.८ मिलिमीटर. आवाज दाबायला खोलीची उंची ०.४ मिलिमीटरने कमी करायला लावली. कोरड्या खोलीत, नव्या कॅप्सूलवर चाचणी छान झाली. पण जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये मुळातच १३ ते १६ टक्के पाणी असतं, आणि जुलैत पुण्यातल्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली की ती आणखी पिते. मऊ पडलेल्या कॅप्सूलला टाचणी भोक पाडत नाही, खळी पाडते. त्यात वर-खाली मोकळीक नाही, मग ती फिरतेय कशाची? बाहेर वापरायला दिलेल्या इनहेलरपैकी खोकाभर परत आले. मी स्वतः उघडून बघितले, खोलीच्या भिंतीवर कॅप्सूल घासल्याचे पट्टे होते. अहवालात कारण काय लिहिलं? "पेशंटची वापरण्यातली चूक." मी दुसरीकडे नोकरी बघितली.

त्या साहेबांना तेव्हा सांगायचं राहिलं ते इथे सांगतो. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये स्पिनहेलर नावाचा फिरत्या कॅप्सूलचा इनहेलर काढला तो रॉजर अल्टून्यान यांनी, स्वतः दम्याचे पेशंट आणि युद्धात हवाई दलात विमान शिकवणारे. कॅप्सूल फिरवायची कल्पना त्यांनी विमानाच्या पंख्यावरून घेतली. औषधाच्या चाचण्याही स्वतःवर करत. तो माणूस धाप लागलेल्या छातीतून विचार करत होता. आणि तुमच्या त्या गुपचूप मालाचं म्हणाल, तर १९८८ ला आलेल्या टर्बुहेलर या पावडरच्या इनहेलरमध्ये लॅक्टोज नव्हतं, चव नाही, आवाज नाही, आणि लोकांना वाटायचं आत काही गेलंच नाही. आवाज हा दोष नव्हताच. सत्तरीच्या बाईला तेवढाच एक पुरावा मिळत होता.

हं, तुमचा दुसरा प्रश्न. महागातला म्हणजे चांगला असं काही नाही. बघायचं ते आतला अडथळा आणि तुमची ओढ. काही यंत्रं उसाचा रस ओढल्यासारखी सोपी असतात, काही जाड मस्तानी स्ट्रॉने ओढल्यासारखी. लोक सोपं ते चांगलं समजतात, तिथेच फसतात. प्रयोगशाळेत साधारण ४ किलोपास्कलच्या ओढीवर चाचणी करतात, म्हणजे नळीतून पाणी ४० सेंटिमीटर वर चढवण्याइतकी. तेवढ्या ओढीला सोप्या यंत्रातून मिनिटाला ९०-१०० लिटर हवा जाते, अवघड यंत्रातून ४० च्या आसपास. पण पावडर फोडायचं बरंचसं काम तो अडथळाच करतो, म्हणून अवघड यंत्र कमी हवेतही चालतं. मात्र फुफ्फुसं थकलेल्या माणसाला तेही जमेलच असं नाही. दवाखान्यात ओढीचा जोर मोजायचं छोटं उपकरण मिळतं, ते मागा. नुसती चिठ्ठी घेऊन केमिस्टकडे जाऊ नका.

मी डॉक्टर नाही हे आधी सांगायला हवं होतं. चालू औषध माझं वाचून बदलू नका. पाच-सहा वर्षांच्या आतल्या मुलांना पावडर सहसा जमत नाही, त्यांना पंप आणि स्पेसरच (पंपाच्या तोंडाला लावायचा पोकळ डबा). जोराचा अटॅक आला असेल तर मोठ्यांचीही ओढ पडते, तेव्हा घुर्र आवाजाची वाट बघत बसू नका, स्पेसर लावून पंप घ्या आणि दवाखाना गाठा. हल्ली काही कॅप्सूल जिलेटिनऐवजी एचपीएमसी या वनस्पतीजन्य पदार्थाच्या येतात, त्यांत पाणी बरंच कमी असतं, तरी वापरायच्या वेळीच पाकिटातून काढा. आणि यंत्रात उलटं फुंकू नका, तोंडातली वाफ आत जाते.

धुतल्यावर ते हवेत वाळू द्या. फडक्याने घासून पुसलं की प्लास्टिकवर वीज साठते आणि पुढच्या वेळची पावडर भिंतीलाच चिकटते. आई पदराने पुसायची. ती सवय काही मला मोडता आली नाही.