गीझर बदलायचाय, पण धुराच्या पाइपला जागाच नाहीये

प्रश्न : ताई, आम्ही पुण्यात कोथरूडला राहतो, बिल्डिंग तीसेक वर्षं जुनी. बाथरूम ५ फूट बाय ७ फूट, झरोका डक्टमध्ये उघडतो आणि डक्टवर सोसायटीने पावसासाठी पत्रा टाकलाय. गॅस गीझर आतच आहे, आता गळायला लागलाय म्हणून बदलायचाय. दुकानदार म्हणतो, ड्रेनेजच्या पाइपांमुळे भिंतीला भोक पाडायला जागा नाही, तुम्ही बिनपाइपचा छोटा घ्या, सगळे तोच नेतात. घरात आम्ही चौघं, सकाळी लागोपाठ अंघोळी. मागच्या महिन्यात मोठ्या मुलीला अंघोळ करतानाच चक्कर आली, उपाशी होती म्हणून असेल असं वाटलं. कुठला गीझर घेऊ?

उत्तर : गीझरचं नंतर बोलू, आधी मुलीचं. तुम्ही चक्कर शेवटी लिहिलीत पण मला सगळ्या पत्रात तेवढंच दिसलं. उपाशीपोटी चक्कर येते हे खरं, पण बंद बाथरूममध्ये गॅस गीझर चालू असताना आली तर पहिला संशय कार्बन मोनॉक्साइडचा घ्यायचा. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. सिलिंडरमधल्या गॅसला वास मुद्दाम घातलेला असतो त्यामुळे गळती कळते, जळून तयार झालेल्या या वायूचं तसं काहीच नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, पायातलं बळ जातं, माणूस कडीपर्यंत पोचू शकत नाही. काहींना फिट येते आणि घरच्यांना वाटतं आकडीचा आजार आहे. तेव्हा आज संध्याकाळपासून तो गीझर बंद, नवा येईपर्यंत पाणी गॅसवर किंवा हीटरवर तापवा, आणि मुलीच्या डॉक्टरांना सांगा की बाथरूममध्ये गॅस गीझर होता, कारण ते विचारतीलच असं नाही.

आता हिशोब बघा. ५ बाय ७ चं बाथरूम, उंची ९ फूट धरली तर आत साधारण ९ घनमीटर हवा. मिनिटाला ६ लिटरवाला गीझर पूर्ण चालला तर तासाला किलोच्या जवळपास गॅस जाळतो, आणि एक किलो गॅस नीट जळायला जवळजवळ १२ घनमीटर हवा लागते. म्हणजे दहा मिनिटांच्या एका अंघोळीत २ घनमीटर हवेतला प्राणवायू संपला. तुम्ही चौघं लागोपाठ, दार मध्ये जेमतेम उघडतं, झरोका पत्र्याखालच्या कोंडलेल्या डक्टमध्ये, तर तिसऱ्या-चौथ्या माणसाच्या वेळी ज्योतीला पुरेशी हवाच उरत नाही आणि गॅस अर्धवट जळायला लागतो. मोनॉक्साइड तिथूनच येतो. गीझर नवा असो की जुना, या हिशोबात काही फरक पडत नाही, म्हणून ‘नवीन आहे, ज्योत निळी आहे, काही होत नाही’ हे दुकानदारांचं नेहमीचं म्हणणं मला अजिबात मान्य नाही.

तर तुमच्या बाथरूमच्या आत गॅस गीझर नको, पाइपचाही नको. पाइप कसाबसा डक्टमध्ये काढलात तरी वर पत्रा आहे, धूर वर जाणार नाही, तो वरच्या मजल्याच्या झरोक्यातून दुसऱ्या कुणाच्या तरी पोराच्या अंघोळीत जाईल. आधी जागा ठरवायची आणि मग त्या जागेला चालेल तो गीझर शोधायचा, आपल्याकडे बरोबर उलटं करतात.

गॅसच हवा असेल तर गीझर ड्राय बाल्कनीत लावा आणि गरम पाण्याची लाइन बाथरूमपर्यंत आणा. लाइन सीपीव्हीसीची, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकची, साध्या पीव्हीसीची नाही, वर फोमचं वेष्टन. सुरुवातीचं थोडं गार पाणी बादलीत काढावं लागेल, एवढाच तोटा. पण एक गोष्ट नीट बघा, बाल्कनी उघडी आहे का? पुण्यात अर्ध्या लोकांनी स्लायडिंग लावून ती बंद केलेली असते आणि थंडीत, म्हणजे गीझर सगळ्यात जास्त चालतो तेव्हाच, काचा घट्ट लावतात. तशी बाल्कनी म्हणजे आणखी एक बंद खोलीच झाली, शिवाय तिचं दार स्वयंपाकघरात उघडतं. कायम उघडी जाळी असेल, वाळत घातलेले कपडे लांब असतील आणि पावसाची झड थेट बसत नसेल तरच तिथे लावा. आणि पाइपलाइनचा गॅस असेल तर सिलिंडरवरचा गीझर तसाच जोडू नका, दोन्हीचं प्रेशर आणि जेट (गॅस सोडणारं बारीक भोक) वेगळे असतात.

बाल्कनी जमत नसेल तर सरळ इलेक्ट्रिक घ्या. खर्च वाढेल म्हणून लोक बिचकतात, पण १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० पर्यंत न्यायला पाऊण युनिटसुद्धा लागत नाही, २ किलोवॅटचा गीझर ते अठरा-वीस मिनिटांत करतो. चौघांसाठी २५ लिटरचा बघा. छोटा ३ किलोवॅटचा इन्स्टंट घेऊ नका, तो थंडीत मिनिटाला दोन लिटरसुद्धा धड गरम देत नाही, बादली भरायला वेळ लागतो. १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट, चांगलं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), जुन्या बिल्डिंगमध्ये हे तिन्ही आधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, गीझर नंतर आणा.

प्रश्न : नाशिकहून लिहितोय. आमचा गीझर पाइपवाला आहे, पण पाइप छोटा आणि दोनदा वळवलाय. जास्तीची काळजी म्हणून बाथरूममध्ये एक्झॉस्ट फॅन लावला तर चालेल ना?

उत्तर : नाही, उलट धोका वाढेल. साध्या पाइपातला धूर फक्त गरम असतो म्हणून वर चढतो, त्याच्यामागे जोर असा काही नसतो. दार बंद असताना फॅन खोलीतली हवा ओढायला लागला की बाहेरची हवा मिळेल तिथून आत येते, आणि सगळ्यात सोपी वाट तुमच्या त्या धुराच्या पाइपातूनच, म्हणजे धूर परत आत. फॅन नका लावू. दाराला खाली कायमची जाळी ठेवा, पाइप गीझरवरून आधी सरळ उभा वर जाऊ दे आणि मगच वळू दे, कुठेही तो बारीक करू नका. गीझरच्या वरच्या बाजूला काळं दिसलं किंवा ज्योत पिवळी झाली तर त्या क्षणी बंद. आणि हे सगळ्या वाचकांसाठी, आत कोणी उत्तर देत नसेल तर वाट बघू नका, दार तोडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा, १०८ ला फोन करा.

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये स्लाउला राहतो, रांगेतलं घर आहे. किचनमधला जुना बॉयलर बदलायचाय पण इंजिनिअर म्हणतो जुन्या फ्लूच्या, म्हणजे धुराच्या पाइपच्या जागी नवा बसणार नाही, एका बाजूला शेजाऱ्यांची खिडकी आहे आणि समोर आमच्याच एक्स्टेन्शनची भिंत. तो उगाच खर्च वाढवतोय का?

उत्तर : मला तरी तसं वाटत नाही. तुमच्याकडे एप्रिल २००५ पासून बदलताना जवळजवळ नेहमीच कंडेन्सिंग बॉयलर, म्हणजे धुरातली उष्णताही वापरून घेणारा, लावावा लागतो, आणि त्याचा धूर थंड असल्यामुळे पटकन वर जात नाही, पांढरी वाफ तिथेच रेंगाळते. उघडणाऱ्या खिडकीपासून ३०० मिलिमीटर ही अगदी कमीत कमी मर्यादा धरतात, कंपनीचं मॅन्युअल जास्त सांगत असेल तर तेच पाळायचं. समोर भिंत असेल तर वाफ वळवून उंचावर सोडणारा प्लूम किट लागेल, नाहीतर फ्लू उभा छतातून काढायचा, नाहीतर बॉयलरच वरच्या कपाटात किंवा लॉफ्टमध्ये, म्हणजे छताखालच्या माळ्यावर न्यायचा. मला तुमच्या वर्णनावरून लॉफ्ट बरा वाटतो, शेजाऱ्यांशी वर्षानुवर्षं कटकट नको.

किलोवॅट आणि ब्रँड सगळेच विचारतात, तुम्ही मॅन्युअलमधलं फ्लूच्या लांबीचं पान मागा. प्रत्येक काटकोनी वळण परवानगीच्या लांबीतून साधारण एक मीटर खातं, त्यामुळे दोन वळणांत काही मॉडेल बादच होतात. फ्लू बॉयलरच्याच कंपनीचा हवा, फॉल्स सीलिंगमधून जात असेल तर तपासायला झाकणं हवीत. बॉयलरमधून निघणारं आम्लयुक्त पाणी कुठे सोडणार तेही ठरवा, पाइप बाहेरून नेला तर जाड आणि वेष्टन घातलेला घ्या, नाहीतर जानेवारीत गोठून बॉयलर बंद पडेल. इंजिनिअरचं गॅस सेफचं, म्हणजे तिथल्या गॅस कारागिरांच्या अधिकृत नोंदणीचं कार्ड मागच्या बाजूने वाचा, कुठल्या कामाची परवानगी आहे ते तिथे लिहिलेलं असतं. आणि कोटेशनमध्ये फ्लूचा पूर्ण मार्ग, वळणांसकट, लिहून मागा, जो लिहून देणार नाही त्याला काम देऊ नका.