बेसवाल्याचा बँड

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. स्वतःच्या नावाचा बँड काढायचाय, पण बेसवाल्याकडे बघतो कोण, असं लिहिलंस. मग काही दिवस बाकी सगळं बंद ठेव आणि जॉनी ड्यानी ऐक.

दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्ट लंडन शहराच्या डंकन व्हिलेज वस्तीतला हा पोरगा ‘ब्लू नोट्स’ या जॅझ बँडमध्ये डबल बेस वाजवायचा. पियानोवरचा क्रिस मॅकग्रेगर गोरा, बाकी सगळे काळे. वर्णभेदाच्या कायद्यांखाली असा बँड चालवणं म्हणजे रोजचा जाच. 1964 मध्ये फ्रान्समधल्या अँतिबच्या जॅझ महोत्सवाला म्हणून निघाले. टेनर सॅक्सोफोनवाला निकेले मोयाके लवकरच मायदेशी परतला, बाकीचे युरोपातच राहिले. ड्यानी तेव्हा विशीचाही नव्हता.

पुढची कितीतरी वर्षं तो मुख्यतः दुसऱ्यांच्या किंवा भागीदारीतल्या बँडमध्ये वाजवत होता. कोपनहेगनच्या स्टीपलचेस कंपनीसाठी स्वतःच्या नावानं रेकॉर्डी करू लागला तो 1978 मध्ये. तुला दोन वर्षांत कंटाळा आला म्हणतोस!

त्याच वर्षीचं ‘साँग फॉर बिको’ घे. बिको म्हणजे वर्णभेदाविरुद्ध लढलेला स्टीव्ह बिको. वर सॅक्सोफोनवाला डुडू पुक्वाना आणि कॉर्नेटवाला डॉन चेरी, ड्रमवर मकाया न्शोको. पियानो नाहीच. त्यामुळे सुरांचा सगळा भार बेसवर, आणि ड्यानीला तेच हवं असावं असं मला वाटतं. एखादी छोटी ओळ पकडतो, घोळवत राहतो. वरचे दोघे कितीही लांब भटकले तरी त्यांना परतायला जागा असते. सोलो नंतर ऐक. आधी ती ओळ तो केव्हा बदलतो, तेवढंच टिपून ठेव.

आणखी एक. डिसेंबर 1975 मध्ये ‘ब्लू नोट्स’चा ट्रम्पेटवाला मोंगेझी फेझा लंडनमध्ये वारला. शोकसभेनंतर उरलेले चौघे एका खोलीत जमले आणि काही न ठरवता वाजवत सुटले. टेप चालू होती. त्यात ड्यानी वाजवता वाजवता गातो, हाका मारतो. ते काढलं ओगन कंपनीनं, आणि तीही दक्षिण आफ्रिकेच्याच एका बेसवाल्यानं, हॅरी मिलरनं, बायको हेझलबरोबर उभी केलेली. 1986 मध्ये ड्यानी बर्लिनमध्ये वारला, तेव्हा राहिलेल्या तिघांनी त्याच्यासाठीही तशीच रेकॉर्ड केली.

तेव्हा पोस्टरवर नाव कुणाचं, हा वाद आत्ता नको. आधी ड्रमर शोध. तुझ्याशी भांडूनही पुढच्या तालमीला वेळेवर येईल असा. कीबोर्डवाल्याला महिनाभर बोलावू नकोस.

तुझा,
काका