गोलंदाजीचे प्रश्न : वेग, फिरकी आणि दुखरी कंबर

प्रश्न : मी 16 वर्षांचा आहे. गावात टेनिस बॉलवर माझ्याइतकं फास्ट कुणी टाकत नाही. सीझन बॉल हातात आला की वेगही जातो आणि टप्पाही. काय करू?

टेनिस बॉल जेमतेम 58 ग्रॅमचा, सीझन बॉल 156 ते 163 ग्रॅमचा. हलका चेंडू नुसत्या खांद्याच्या झटक्यावर जातो. जड चेंडूला तो झटका पुरत नाही, आणि तसाच जोर लावत राहिलास तर खांदा धरेल. वेग रनअपमधून येतो आणि पुढचा पाय तो वर पोचवतो. पाय टेकताना गुडघा वाकला की धावण्यातली ताकद तिथंच जिरते. ताठ राहिला की अंग त्याच्यावरून पुढे झेपावतं आणि हात मागून येतो. मोकळा हातही लोंबकळत ठेवू नकोस. तो उंच जाऊ दे, मग बरगडीलगत जोरात खाली खेच.

त्याआधी रनअप पक्का कर. पॉपिंग क्रीजवरून (यष्ट्यांपुढची रेघ) उलट्या दिशेला, साइटस्क्रीनकडे (सीमारेषेजवळचा मोठा पडदा) धाव. पावलं मोजू नकोस. जिथं सहज उडी घेऊन हात फिरेल तिथं मित्राला खूण करायला सांग. पाच-सहा वेळा केल्यावर खुणा जवळजवळ पडू लागतात. ते अंतर टेपने मोज आणि तोच तुझा रनअप. पहिले काही आठवडे समोर फलंदाज नको, एक यष्टी पुरे.

प्रश्न : माझी 12 वर्षांची मुलगी लेगस्पिन टाकते. चेंडू छान वळतो, पण हळू असल्यामुळे मार पडतो. क्लबमधले सर जोरात टाकायला सांगतात. ऐकावं का?

एवढ्यात नको, असं मला ठामपणे वाटतं. या वयात चेंडू वळवणारं मनगट मिळणं हीच मोठी गोष्ट. जोरात टाकायच्या नादात मुलं बोटांनी नुसता चेंडू ढकलू लागतात, आणि हरवलेली फिरकी परत आणणं फार अवघड जातं. वेग अंग भरेल तसा येईल.

तिची पकड बघा. तर्जनी आणि मधलं बोट शिवणीवर आडवं, अनामिका दुमडून शिवणीला टेकलेली, अंगठा नुसता आधाराला. सगळं काम अनामिका करते. चेंडू तळव्यात रुतला असेल तर तो फिरणार नाही. घरी बसल्या बसल्या या हातातून त्या हातात मनगटाने फिरवत टाकू द्या. शिवण भोवऱ्यासारखी स्थिर फिरते का, ते तुम्हालाही दिसेल.

चेंडूवर पुढच्या दिशेची फिरकी असली की तो हवेतच अपेक्षेपेक्षा लवकर खाली येतो. फलंदाज पुढे येऊन फसतो तो इथं. त्यासाठी चेंडू त्याच्या डोळ्यांच्या वर जायला हवा, म्हणजे उंची देण्याचं धाडस हवं. दोन चौकार गेले म्हणून लगेच तिच्या हातातून चेंडू काढून घेऊ नका, हे सरांनाही सांगा. मुंबईच्या सुभाष गुप्तेंनी 1958मध्ये कानपूर कसोटीत वेस्ट इंडिजचे एका डावात 9 बळी घेतले, तेही 102 धावा मोजून.

एक तपासा : 13 वर्षांखालच्या मुलांसाठी 133 ते 144 ग्रॅमचा चेंडू असतो. मोठ्यांचा चेंडू छोट्या बोटांत बसतच नाही.

प्रश्न : ऑफस्पिन टाकताना माझं कोपर वाकलेलं असतं. नो-बॉल मिळेल का?

वाकलेलं असायला हरकत नाही. हात खांद्याच्या पातळीला आल्यापासून चेंडू सुटेपर्यंत तो सरळ होता कामा नये. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये 15 अंशांपर्यंत सूट आहे. बाजूने मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूट करून बघा.

प्रश्न : वय 17, उजव्या हाताने फास्ट टाकतो. कमरेत डाव्या बाजूला दुखतं. पेनकिलर घेऊन रविवारची मॅच खेळू का?

नाही. तुझ्या वयाच्या फास्ट बोलरला चेंडू टाकणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूला असं दुखलं, तर मणक्याच्या हाडाला बारीक चीर गेल्याची शंका आधी घ्यावी लागते. जसप्रीत बुमरालाही 2019मध्ये पाठीच्या अशाच दुखापतीने बाहेर बसावं लागलं. क्रीडा-दुखापती बघणाऱ्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे जा. सुरुवातीची चीर एक्स-रेमध्ये बरेचदा दिसत नाही, म्हणून एमआरआयबद्दल त्यांना विचार. तोवर एकही चेंडू टाकायचा नाही, नेटमध्येसुद्धा.

बरा झाल्यावर ॲक्शन तपासून घे. मागचा पाय टेकतो तेव्हा कंबर फलंदाजाकडे आणि खांदे आडवे, अशी मिश्र ॲक्शन असेल तर प्रत्येक चेंडूला कमरेला पीळ बसतो. कंबर आणि खांदे एकाच दिशेला हवेत. मग सुरुवात थोड्या चेंडूंनी, आणि नेट धरून आठवड्याचे सगळे चेंडू वहीत मांडत जा.