रोल अर्ध्यात अडकला तर? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : जुन्या ऑटोफोकस कॉम्पॅक्ट (खिशात मावणाऱ्या) फिल्म कॅमेऱ्यात ३६ फोटो झाल्यावर रोल आपोआप मागे फिरू लागला, पण मध्येच कण्हल्यासारखा आवाज करत मोटर थांबली. फोटो मोजणारा काउंटर १९वर आहे. डिस्प्ले व्यवस्थित दिसतो, म्हणजे सेल चांगले असणार. झाकण उघडून पाहू का?

उत्तर : अजिबात नको. आणि पहिला संशय सेलवरच घ्या. डिस्प्लेला चिमूटभर वीज पुरते. दीड मीटरहून लांब फिल्म एका दमात ओढायची तर मोटरला कितीतरी जास्त लागते. भार पडला की दमलेल्या सेलचं व्होल्टेज कोसळतं आणि मोटर बसते. सगळे सेल एकदम बदला, एक नवा एक जुना असं नको. कॅमेरा एए सेलचा असेल तर अल्कलाइनच घ्या, साधे झिंक-कार्बन इथे तग धरत नाहीत. घालण्याआधी आतल्या पट्ट्या बघा. अल्कलाइन सेल गळून पांढरट थर बसला असेल, तर कापसाच्या काडीला जेमतेम व्हिनेगर लावून तो काढा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळू द्या.

नवे सेल घातले तरी काही कॅमेरे अर्धवट राहिलेलं काम विसरून गप्प बसतात. त्यासाठी तळाला किंवा बाजूला रोल मागे फिरवायला लावणारं एक खोलगट, बारीक बटण असतं. रिफिल आत घेतलेल्या बॉलपेनच्या टोकाने ते दाबा; टाचणी घसरते. आवाज अचानक हलका झाला म्हणजे फिल्मचं टोक पलीकडच्या स्पूलवरून (फिल्म गुंडाळायच्या रिळावरून) सुटलं. तरी घाई नको, मोटर स्वतःहून थांबू द्या.

एवढं करूनही हालचाल नसेल तर चेंजिंग बॅग, म्हणजे उजेड न शिरणारी, हात घालायला बाह्या असलेली पिशवी. (लाल दिव्याचा मोह टाळा. तो कृष्णधवल फोटोपेपरसाठी. ही फिल्म लाल प्रकाशही टिपते.) बॅगेत झाकण उघडा, कॅसेट (फिल्मची डबी) उचला आणि तिच्या एका टोकाला बाहेर आलेली गुंडी चिमटीत धरून फिरवा. बरोबर दिशेला फिल्म सुरळीत आत जाते; अडली तर जोर न करता दिशा बदला. फिल्मला हात लागलाच तर फक्त कडांना लागू द्या.

प्रश्न : एसएलआरला (लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्याला) मोटर वाइंडर, म्हणजे फिल्म पुढे सरकवणारा मोटरचा जोड, लावला आहे. रोल संपला, पण रिवाइंडचा (फिल्म मागे गुंडाळायचा) दांडा घट्ट आहे. मोटर मागे का फिरवत नाही?

उत्तर : बहुतेक वाइंडर फिल्म फक्त पुढे नेतात. कॅननच्या १९८३च्या टी५० कॅमेऱ्यामध्ये मोटर आतच होती, तरी रोल हातानेच गुंडाळावा लागे. पुढच्या वर्षीच्या टी७०पासून तेही काम मोटरकडे गेलं. तुमचा दांडा घट्ट आहे, कारण दातेरी चाक अजून फिल्मला धरून आहे. ते सोडवणारं बटण कॅमेऱ्याच्या तळाशी असतं आणि वाइंडरखाली झाकलं जातं, म्हणून वाइंडरवर त्याची वेगळी कळ असते. आधी वाइंडर बंद करा, कळ पूर्ण दाबा, मगच दांडा फिरवा. जोर केलात तर फिल्मच्या कडेची, त्या चाकाचे दाते बसतात ती भोकं फाटतात. एका फ्रेमला प्रत्येक कडेला आठ भोकं असतात; फाटलेले कपटे शटरजवळ अडकू नयेत म्हणून नंतर हातपंपाने हलकी फुंकर मारा, दाबाच्या हवेचा डबा नको.

दांडा याच्या उलट अगदीच मोकळा फिरत असेल, तर शेवटच्या फ्रेमला मोटरने फिल्म कॅसेटमधल्या पट्टीतून उपटून काढली असण्याची शक्यता मोठी. मग पुन्हा बॅग : फिल्म काढून काळ्या, प्रकाश न शिरणाऱ्या डबीत ठेवा आणि डबीवर ‘सुटी फिल्म, अंधारातच उघडा’ असं लिहून लॅबला द्या.