एकाच कामाला दोन कारखान्यांत वेगळी मजुरी का?

सोलापुरातले दोन यंत्रमाग कामगार, दोघांचाही हात सारखाच बसलेला, मग मजुरीत फरक का, असं तुम्ही विचारलंय. कौशल्य आणि अनुभव हे अर्धंच उत्तर झालं. मजुरी कारखान्यावरही ठरते. नव्या मागांवर निर्यातीचे टॉवेल विणणाऱ्याकडे तासाला माल जास्त निघतो, त्यातला काही वाटा कामगाराच्या हाती येऊ शकतो. अबाउड, क्रामार्झ आणि मार्गोलिस या अर्थतज्ज्ञांनी 1999 मध्ये फ्रान्समधल्या नोंदींवरून मजुरीतल्या फरकात माणसाचा वाटा किती आणि कंपनीचा किती, हे वेगळं काढलं. माणसाचा मोठा निघाला, पण कंपनीचाही होताच.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे सोडून जाता येतं का. घरी विड्या वळणाऱ्या बाईला हजार विड्यांमागे मजुरी मिळते. पोरं आणि स्वयंपाक सांभाळून तिला सोलापूरजवळची चिंचोळी एमआयडीसी गाठणं जमत नाही. मग पान खराब आलं, वळलेल्या विड्या नापास केल्या, तरी ती तिथेच राहते. कामगाराला दुसरीकडे जाता येत नाही म्हणून मजुरी दाबून ठेवण्याच्या मालकाच्या या ताकदीला अर्थतज्ज्ञ जोन रॉबिन्सन यांनी 1933 मध्ये ‘मोनोप्सनी’ म्हटलं. त्या बाईची बोटं कुठल्याही कुशल कामगाराइतकीच तरबेज असतात, हे मी मुद्दाम सांगतोय.

आणि तुलना करताना नुसती रोख मजुरी पाहू नका, पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि ईएसआय (कामगार विमा) धरूनच हिशोब करा.