आवाज कसा आहे, त्याआधी तो केव्हा येतो?

प्रश्न : माझ्या मोटारीचे ७०,००० किलोमीटर झाले आहेत. खराब रस्त्यावर हळू जाताना पुढच्या डाव्या चाकाकडून ‘खट्-खट्’ असा आवाज येतो. गॅरेजमध्ये पुढचे दोन्ही शॉक ॲब्सॉर्बर बदलून दिले, तरी आवाज जसाच्या तसा आहे. गंमत म्हणजे मोठ्या गतिरोधकावरून गाडी सरळ नेली, तर काहीच ऐकू येत नाही. आता लोअर आर्म (चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा दांडा) बदलायला सांगितले आहे. हा खर्च करावा का?

उत्तर : एवढ्यात करू नये. आपण ‘गंमत’ म्हणून जे लिहिले आहे, तेच आपल्या पत्रातले सर्वांत कामाचे वाक्य आहे. ‘खट्’ हा आवाज पुढच्या सस्पेन्शनमधले (चाकांचे धक्के झेलणाऱ्या यंत्रणेतले) निम्मे भाग काढू शकतात, त्यामुळे नुसत्या आवाजावरून भाग ओळखायला गेले की एकेक सुटा भाग बदलत बसण्याची पाळी येते. तो कोणत्या परिस्थितीत येतो आणि कोणत्या परिस्थितीत येत नाही, हे पाहिले की संशयितांची यादी झपाट्याने लहान होते.

वळणावर गाडी एका अंगाला फार झुकू नये, म्हणून पुढच्या दोन चाकांना जोडणारा एक पोलादी दांडा असतो. त्याला स्टॅबिलायझर बार म्हणतात. त्याची दोन्ही टोके लहान लिंक रॉडने आपापल्या बाजूच्या चाकाच्या जोडणीला बांधलेली असतात. गतिरोधकावर दोन्ही चाके एकदम उचलली जातात, तेव्हा हा दांडा आपल्या बुशमध्ये, म्हणजे त्याला धरणाऱ्या रबरी अस्तरात, नुसता फिरतो. त्याला पीळ पडत नाही आणि लिंकवर फारसा ताण येत नाही. एकच चाक खड्ड्यात गेले, की मात्र दांडा पिळला जातो, लिंक कधी ओढली तर कधी दाबली जाते, आणि तिच्या टोकाचा गोळा झिजून ढिला झाला असेल तर तो प्रत्येक वेळी खोबणीवर आपटतो. आपण केलेले वर्णन या दोषाशी तंतोतंत जुळते. बऱ्याच मोटारींत लिंक शॉक ॲब्सॉर्बरलाच जोडलेली असते, म्हणजे तो बदलताना ती सोडवावीच लागते. आपल्या गाडीतही तशी रचना असेल, तर दोषी भाग मेकॅनिकच्या हातात येऊन पुन्हा जागेवर गेला असे म्हणावे लागेल.

तपासणी सोपी आहे, पण ती चुकीच्या स्थितीत केली जाते. एकच चाक जॅकवर उचलले की दांड्याला पीळ पडतो, लिंक ताठ होते आणि तिची ढिलाई लपून जाते. त्याऐवजी गाडी सपाट जागेवर उभी करून हँडब्रेक लावावा, स्टिअरिंग पूर्ण वळवून चाकामागे हात जाईल एवढी जागा करावी, इंजिन बंद करावे आणि लिंक मुठीत धरून जोराने हलवावी. हाताने हलली नाही, तर तिच्या सांध्यावर बोटे हलकेच टेकवून दुसऱ्या माणसाला गाडी छताजवळ धरून डावी-उजवीकडे झुलवायला सांगावे. सांधा ढिला असेल, तर कानाला आवाज येण्याआधी बोटांना ‘टक्’ असा ठोका जाणवतो. लिंक चांगली निघाली, तर दांडा चासीला धरून ठेवणारे रबरी बुश पाहावेत.

लोअर आर्मच्या बुशची खूण वेगळी असते : ब्रेक दाबल्यावर, किंवा रिव्हर्स घेऊन पुढे निघताना, एकच जड ‘धप्’ असा आवाज येतो. आपण तसे काही लिहिलेले नाही. तरीही आर्म बदलावाच लागला, तर त्याच्या बुशचे बोल्ट गाडीचे वजन चाकांवर असतानाच शेवटचे आवळायला सांगावेत. चाके लोंबकळत असताना आवळले, तर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. आर्मच्या टोकाचा बॉल जॉइंट ढिला आढळला, तर मात्र एक दिवसही थांबू नये, कारण तो निसटला की चाक आडवे पडते. गाडीखाली शिरायचे असल्यास केवळ जॅकवर विसंबू नये, स्टँड लावावेत.

प्रश्न : गाडी जागच्या जागी उभी असताना स्टिअरिंग वळवले, की ‘करर्र’ होऊन मध्येच ‘टण्’ असा आवाज येतो. चालताना त्रास नाही.

उत्तर : स्ट्रटच्या (स्प्रिंग बसवलेल्या शॉक ॲब्सॉर्बरच्या) वरच्या टोकाचे, म्हणजे माउंटमधले, बेअरिंग अडकत असावे. ते मोकळे फिरत नसल्याने स्प्रिंग पिळत जाते आणि ताण असह्य झाला की एकदम उसळते. दुसऱ्याला स्टिअरिंग हळू वळवायला सांगून स्प्रिंगवर बोटे टेकवली, तर ती उसळी स्पष्ट कळते. त्याच वेळी स्प्रिंगचा सर्वांत खालचा वेढा तुटलेला नाही ना, हेही पाहावे. तिथे पाणी व चिखल साचून गंज चढतो. चालत्या गाडीत, वळताना ॲक्सिलरेटर दाबल्यावर ‘कट-कट-कट’ होत असते, तर ॲक्सलच्या बाहेरच्या जॉइंटचे रबरी आवरण फाटून ग्रीस बाहेर उडाले आहे का, हे आधी पाहायला सांगितले असते.

प्रश्न : खडबडीत रस्त्यावर पुढून बारीक खडखड येते, पण ब्रेकवर हलका पाय ठेवला की थांबते. हेही सस्पेन्शनच का?

उत्तर : बहुधा नाही. ब्रेक पॅड कॅलिपरमध्ये (पॅड धरून ब्रेकच्या चकतीवर दाबणाऱ्या भागात) सैल हलत असावेत. त्यांच्या क्लिपा आणि कॅलिपरच्या पिना तपासून घ्याव्यात.